तुमच्या गाडीतला डिस्क ब्रेक १९०२ सालचा आहे: फ्रेडरिक लँचेस्टर यांची गोष्ट

पूर्णा जंक्शनला कधी गाडीची वाट बघत बसलात तर एक गोष्ट करून बघा. मोबाइल दोन मिनिटं खिशात ठेवा आणि समोरच्या प्लॅटफॉर्मवर थांबलेल्या डब्यांच्या चाकांकडे नीट बघा. (प्लॅटफॉर्मवरूनच बरं का, खाली उतरायचं नाही.) जुने निळे आयसीएफ डबे असतील तर चाकाच्या गोल कडेला टेकलेले जाड ठोकळे दिसतील. ते ब्रेक ब्लॉक. ब्रेक लागला की हे ठोकळे सरळ चाकावरच दाबले जातात. नवीन एलएचबी डब्यांच्या चाकाला मात्र असं काही चिकटलेलं दिसत नाही. मग ती गाडी थांबते कशी? दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर आत दोन जाड तबकड्या बसवलेल्या असतात आणि ब्रेक लागला की चिमट्यासारखे जबडे त्या तबकड्यांना दोन्ही बाजूंनी पकडतात. तुमच्या बाईकच्या पुढच्या चाकाला असतो तोच डिस्क ब्रेक, फक्त पैलवान.

माझे मामा पूर्णेलाच रेल्वेत टीएक्सआर होते, म्हणजे गाडी तपासणारे. हातात लांब दांड्याचा हातोडा, चाकावर टण्‌ करून मारायचा आणि आवाजावरून ओळखायचं. लहानपणी सुट्टीत आम्ही त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये असायचो. ब्रेक ब्लॉक तापल्याचा तो करपट लोखंडी वास मला अजून आठवतो. ब्रेक म्हणजे उष्णता, हे मी फिजिक्सच्या पुस्तकाआधी त्या वासातून शिकलो. इंजिनीअरिंगला गेल्यावर मात्र विसरलो.

आठवण करून दिली ऑफिसमधल्या एका मित्रानं. त्यानं एक जुनी, छोटी पण पळणारी गाडी सेकंडहँड घेतली आणि कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला नेली. मीही सोबत होतो. पहिले दोन लॅप मस्त. तिसऱ्या लॅपला सरळ पट्टा संपताना त्यानं ब्रेक दाबला आणि पेडल स्पंजसारखं आत गेलं. गाडी थांबली, पण वळणाच्या बाहेर, मातीत. कुणाला काही झालं नाही. पिटमध्ये आल्यावर तो पाच मिनिटं काही बोलला नाही. हेल्मेट मांडीवर घेऊन नुसता बसून होता.

परत येताना रात्रभर त्याचं एकच चाललं होतं: मोठ्या ब्रेकचं किट घ्यायचं. मोठ्या डिस्क, सहा पिस्टनचे लाल कॅलिपर. किंमत ऐकून मलाच ब्रेक लागला. नेमकं बिघडलं काय आणि कमीत कमी पैशात काय बदलता येईल, हे शोधायला मी बसलो आणि शोधत शोधत पोचलो बर्मिंगहॅमच्या एका माणसापर्यंत. या माणसानं आपला हा प्रॉब्लेम १२० वर्षांपूर्वी अर्धा सोडवला होता. उरलेला अर्धा त्याच्या हयातीत सुटलाच नाही.

डिग्री नाही, पण पेटंट आहेत

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील आर्किटेक्ट. शिक्षण साउदॅम्प्टनच्या हार्टली इन्स्टिट्यूशनमध्ये आणि मग शिष्यवृत्तीवर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये. पण शेवटी डिग्री काही हातात पडली नाही. आजच्या भाषेत ड्रॉपआउट. पहिलं काम पेटंटच्या नकाशांसाठी ड्राफ्ट्समनचं. तिथं एकसारख्या समांतर रेघा मारून कंटाळले, तर रेघा मारायचं एक उपकरणच बनवलं आणि त्याचंही पेटंट घेतलं. (कंटाळवाणं काम दोनदा करावं लागलं की स्क्रिप्ट लिहिणारे आपल्यात असतात ना, ते तसलेच होते.)

वयाच्या विशीत ते बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागात फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत लागले. इथला एक किस्सा प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्यानं वाचावा असा आहे. नोकरीच्या करारात एक कलम होतं की कामावर असताना जी काही तांत्रिक सुधारणा कराल तिची मालकी कंपनीची. आपल्या ऑफर लेटरमध्येही असतं, सतराव्या पानावर, आपण न वाचता सही करतो ते. लँचेस्टर यांनी सही करण्याआधी ते कलम खोडलं. मग १८८९ मध्ये त्यांनी इंजिनाचा वेग आपोआप काबूत ठेवणारा पेंड्युलम गव्हर्नर बनवला, पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं, आणि कंपनीनं आपल्या इंजिनाला तो बसवला की दर नगामागे १० शिलिंग रॉयल्टी घेतली.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक यंत्र केलं, ते आपल्या विषयाच्या अगदी जवळचं. रस्त्यावरची किंवा रुळांवरची गाडी किती जोरात वेग घेते आणि ब्रेक मारल्यावर किती जोरात मंदावते, हे लोलकाच्या साहाय्यानं नोंदवणारं यंत्र. म्हणजे ॲक्सिलरोमीटर. तुमच्या फोनमध्ये स्क्रीन आडवी-उभी करणारी जी चिप आहे तिचा हा लाकूड-पितळेच्या जमान्यातला पणजोबा म्हणा. ब्रेक हा अंदाजाचा मामला नसून मोजायचा मामला आहे, हे त्यांच्या डोक्यात विशीपासूनच पक्कं होतं.

गाडी कोऱ्या कागदावरून

१८९० च्या दशकात युरोपात मोटारी बनायला लागल्या होत्या, पण बहुतेक मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन लावलेली बग्गीच. लँचेस्टर यांनी सगळं पहिल्यापासून विचारात घेतलं. आधी इंजिनवर चालणारी एक बोट बनवली, मग १८९६ च्या सुरुवातीला पहिली मोटार रस्त्यावर आणली. तेव्हा ब्रिटनमध्ये अशा वाहनांना ताशी ४ मैलांची मर्यादा होती. कायदा सैल झाला तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. पूर्णपणे ब्रिटनमध्येच डिझाइन झालेली पहिली चारचाकी पेट्रोल गाडी म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

इंजिन खूप हलतं म्हणून पुढच्या इंजिनात त्यांनी उलटसुलट दिशांनी फिरणारे दोन क्रँकशाफ्ट घातले. एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. इंजिन बसवलं गाडीच्या मध्यावर, म्हणजे वजन दोन्ही आसांवर नीट वाटलं जातं. गिअरबॉक्स एपिसायक्लिक, ज्याची भावंडं आजच्या ऑटोमॅटिक गाड्यांत आहेत. डिसेंबर १८९९ मध्ये कंपनी स्थापन झाली, कारखाना बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुकमध्ये. तिथं सगळे भाग ठरावीक मापाचे आणि एकमेकांच्या जागी बसतील असे बनवायचे, हा त्यांचा हट्ट. बाकीच्या बऱ्याच कारखान्यांत तेव्हा कारागीर कानस घेऊन प्रत्येक भाग घासून घासून बसवत होते.

भारताशीही या गाड्यांचा संबंध आला. ज्यांच्या नावानं आपण रणजी ट्रॉफी खेळतो ते नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी लँचेस्टर गाड्यांचे शौकीन गिऱ्हाईक होते.

१९०२: तबकडी आणि चिमटा

आता मुद्द्याचं. तेव्हाचे ब्रेक कसे असायचे? चाकाच्या टायरवर दाबायचा ठोकळा, किंवा ड्रमभोवती आवळायचा पट्टा. पट्ट्याच्या ब्रेकचा त्रास असा की पाऊस-चिखल लागला की घसरतो, आणि चढावर गाडी मागे यायला लागली तर तो धड पकडतही नाही.

१९०२ मध्ये लँचेस्टर यांनी पेटंट घेतलं त्यातली कल्पना अशी होती: चाकासोबत फिरणारी धातूची एक पातळ तबकडी, आणि तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी पकडणारे जबडे. बस्स. आजचा कॅलिपर डिस्क ब्रेक शब्दांत सांगायचा झाला तर यापेक्षा वेगळं काही सांगता येणार नाही.

यात हुशारी कुठे आहे, ते समजून घ्यायला उष्णतेचा हिशोब करावा लागतो. गाडीची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या अर्ध्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं. १००० किलोची गाडी ताशी १४० किलोमीटरवरून ६० वर आणली तर साधारण ६१७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं, म्हणून त्यातला ७० टक्के भार पुढच्या ब्रेकवर आला असं धरू. पुढच्या दोन डिस्कचं वजन मिळून १० किलो असेल, तर फक्त त्या एका ब्रेकनं डिस्क जवळजवळ ९४ अंशांनी तापते. रस्त्यावर असा ब्रेक तुम्ही दिवसातून एखाद्या वेळी मारता. ट्रॅकवर एका लॅपमध्ये चार-पाच वेळा, आणि मध्ये थंड व्हायला वेळ काही सेकंदांचा. तिसऱ्या लॅपला काय होतं ते आम्ही पाहिलंच.

मोबाइलवर गेम खेळताना फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, माहीत आहे ना? थ्रॉटलिंग. ब्रेकचंही तेच, फरक इतकाच की फोन हँग होतो आणि गाडी भिंतीवर जाते.

ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता बंद डब्यात कोंडली जाते. शिवाय ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या शूपासून दूर जातो, म्हणजे पेडल आणखी खाली. डिस्क मात्र उघड्या हवेत फिरते, आणि तापून फुगली तर पॅडच्या दिशेनंच फुगते. लँचेस्टर यांची तबकडी तत्त्वानं बरोबर होती.

मग चाललं का नाही?

कारण पॅड. तेव्हा घर्षणासाठी चांगलं मटेरियलच उपलब्ध नव्हतं. त्यांना जबड्यात तांब्याचे तुकडे वापरावे लागले. धातूवर धातू घासला की काय होतं? पहिलं म्हणजे किंचाळी. फळ्यावर नख ओढल्यासारखी. दुसरं म्हणजे तेव्हाचे रस्ते, म्हणजे धूळ आणि खडी. उघड्या तबकडीवर ती धूळ बसायची आणि तांबं भराभर झिजायचं. आपल्याकडे पूर्णा ते ताडकळस रस्त्यावर उन्हाळ्यात बाईक चालवली असेल तर धूळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण जोराची. त्याच १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी आतून शू उघडणारा ड्रम ब्रेक आणला. त्याची एक गंमत आहे: ड्रम फिरताना शूला आपल्यासोबत ओढतो, आणि त्यामुळे शू आणखी घट्ट बसतो. म्हणजे ब्रेकच स्वतःला मदत करतो. पायाला जोर कमी लागतो. डिस्कमध्ये अशी फुकटची मदत मिळत नाही, जबडा जितका दाबाल तितकाच ब्रेक. आणि तेव्हा हायड्रॉलिक्स नव्हतं, व्हॅक्यूम बूस्टर नव्हता, सगळा कारभार सळया आणि तारांवर. त्यात ड्रम झाकलेला, धुळीपासून वाचलेला. बाजार ड्रमनं मारला आणि पुढची ५० वर्षं मारत राहिला.

पॅडचा प्रश्न हळूहळू सुटत गेला. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं ॲस्बेस्टॉस वापरून ब्रेक लायनिंग बनवलं, फेरोडो हा ब्रँड त्याचाच. आवाज कमी झाला, आयुष्य वाढलं. (ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते हे जगाला पुढे कळलं. म्हणून आजही जुन्या गाडीच्या ब्रेकमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकू नका. गॅरेजमध्ये सर्रास फुंकतात.) हायड्रॉलिक ब्रेक १९२० च्या दशकात गाड्यांमध्ये आले. पण तोवर लँचेस्टर त्या खोलीतून बाहेर पडले होते.

कंपनी हातातून गेली

गाड्या चांगल्या होत्या, ऑर्डरी होत्या, पैसा नव्हता. १९०४ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. आजच्या स्टार्टअपवाल्यांना हे अगदी ओळखीचं वाटेल: प्रॉडक्ट झकास, कॅश फ्लो भिकार. त्याच वर्षी नव्या नावानं कंपनी पुन्हा उभी राहिली, पण आता संचालक मंडळ वरचढ. लँचेस्टर आपल्याच नावाच्या कंपनीत पगारी माणूस झाले. १९०९ मध्ये ते डेमलर कंपनीचे सल्लागार झाले आणि पुढच्या काही वर्षांत गाड्यांच्या डिझाइनचं काम धाकटे बंधू जॉर्ज यांच्याकडे गेलं.

मला इथं थोडा रागही येतो त्यांचा. एकाच माणसाच्या डोक्यात इतकं काही एकाच वेळी चालू असेल तर एकही गोष्ट पैशापर्यंत पोचत नाही. गाड्या बनवत असतानाच ते विमानांच्या मागे लागले होते, तेही राइट बंधूंचं विमान उडायच्या आधीपासून. पंखाभोवती हवा कशी फिरते आणि त्यातून उचल कशी मिळते, यावर त्यांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये व्याख्यान दिलं. १८९७ मध्ये त्यावरचा लेख एका वैज्ञानिक संस्थेनं नाकारला. मग १९०७ आणि १९०८ मध्ये दोन जाडजूड पुस्तकं. विमानाच्या पंखाच्या टोकाला जे भोवरे तयार होतात, त्यांचं वर्णन त्यांनी तेव्हा केलेलं आहे. जर्मनीत प्रांट्ल यांनी पुढे हाच विषय गणितात पक्का मांडला, आणि जगभर नाव मुख्यतः प्रांट्ल यांचं झालं.

१९१० च्या आसपास त्यांनी इंजिनाच्या क्रँकशाफ्टची पिळवटणारी थरथर शोषून घेणारा डॅम्पर केला. चार सिलिंडरच्या इंजिनासाठी क्रँकच्या दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्टही केले. सत्तरच्या दशकात मित्सुबिशीनं हीच कल्पना पुन्हा बाहेर काढली. आज बाईकच्या जाहिरातीत काउंटर बॅलन्सर हा शब्द दिसला की त्यामागे हेच घराणं आहे.

पहिल्या महायुद्धात तर त्यांनी लढाईचंच गणित मांडलं. १९१६ च्या पुस्तकात त्यांचा वर्गाचा नियम आहे: लांबून मारा करणाऱ्या दोन फौजांची ताकद संख्येच्या प्रमाणात नसते, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सारख्याच दर्जाचे १० विरुद्ध ५ असतील, तर सामना १०० विरुद्ध २५ चा. ५ जण संपेपर्यंत १० मधले साडेआठच्या वर शिल्लक राहतात. स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांना हे अनुभवानं माहीत असतं, म्हणून तर आपण फौज तुकड्या-तुकड्यांनी पाठवत नाही.

मान मिळाला. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. १९३१ मध्ये विमानविद्येतलं गुगेनहाइम पदक. पैसा मात्र नाही. डेमलरचं काम १९२९ च्या सुमारास सुटलं. लँचेस्टर मोटर कंपनी १९३१ मध्ये डेमलरच्याच मालकांनी, बीएसएनं, विकत घेतली. त्यांनी स्वतःची छोटी प्रयोगशाळा काढून लाउडस्पीकरही बनवले, तेही १९३४ मध्ये तब्येतीमुळे बंद करावं लागलं. पार्किन्सन्सचा आजार जडला होता, पुढे नजरही गेली. स्वतःच डिझाइन केलेल्या बर्मिंगहॅमच्या घरात राहता यावं म्हणून शेवटी धर्मादाय संस्थांची मदत घ्यावी लागली. ८ मार्च १९४६ रोजी तिथंच ते वारले.

सात वर्षांनी

जून १९५३. फ्रान्समध्ये ले मान्सची २४ तासांची शर्यत. तिथं तेव्हा जवळजवळ ६ किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी एकदम काटकोनी वळण. तिथं ब्रेक मारायचा, दर लॅपला, २४ तास. जॅग्वार कंपनीनं आपल्या सी-टाइप गाड्यांना चारही चाकांवर डनलॉपचे डिस्क ब्रेक लावले होते. डनलॉपनं हे तंत्र आधी विमानांच्या चाकांसाठी तयार केलं होतं. बाकीचे संघ ड्रम वाचवायला लवकर ब्रेक मारत होते, जॅग्वारवाले बरंच पुढे जाऊन मारत होते. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीनं शर्यत जिंकली. ले मान्समध्ये ताशी १०० मैलांच्या वरची ती पहिली सरासरी. दोन वर्षांत सित्रोएन डीएससारख्या रोजच्या गाडीत पुढे डिस्क आले, आणि मग सगळीकडेच.

लँचेस्टर जिवंत असते तरी त्यांना यातून एक पैसा मिळाला नसता. त्या काळात ब्रिटनमध्ये पेटंटची मुदत १४ वर्षांची होती. १९०२ चं पेटंट १९१६ मध्येच संपलं, बाजाराला त्याची गरज पडायच्या ३७ वर्षं आधी.

आता मित्राच्या गाडीकडे

हे सगळं वाचून झाल्यावर मला एक साधी गोष्ट दिसली. लँचेस्टर यांची तबकडी नापास झाली नव्हती, तांब्याचे तुकडे नापास झाले होते. मित्राच्या गाडीतही डिस्क नापास झाली नव्हती. पेडल स्पंजसारखं गेलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं होतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडलचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात गेला.

म्हणून खर्चाची सुरुवात सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून केली. ब्रेक ऑइल. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शोषलेल्या डॉट ३ ची खालची मर्यादा आहे फक्त १४० अंश, डॉट ४ ची १५५. त्याच्या गाडीतलं ऑइल कधी बदललं होतं ते आधीच्या मालकालाही आठवत नव्हतं. रंग कडक चहासारखा. ते पूर्ण काढून, चारही चाकांना हवा काढून, चांगल्या प्रतीचं नवं डॉट ४ भरलं. (डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आकडा मोठा म्हणून भारी, असं इथं चालत नाही.)

दुसरं पॅड. रस्त्यावरचे साधे पॅड ३००-४०० अंशांच्या पुढे पकड सोडायला लागतात. ट्रॅकसाठीचे पॅड त्याहून बऱ्याच वर टिकतात, पण थंड असताना नीट पकडत नाहीत आणि ओरडतात. हो, लँचेस्टर यांच्या तांब्यासारखेच. ऑफिसला जाताना हे पॅड घालून फिरणं म्हणजे पहिल्याच सिग्नलला घाम. म्हणून मित्र ट्रॅकच्या आदल्या दिवशी पॅड बदलतो आणि परत आल्यावर जुने लावतो. पाऊण तासाचं काम आहे. नवे पॅड घातल्यावर सुरुवातीला मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक मारून त्यांचा थर डिस्कवर बसू द्यायचा, लगेच कचकचून मारायचे नाहीत.

तिसरं, रबरी होजच्या जागी स्टीलच्या जाळीचे होज, कारण जुनं रबर दाबानं फुगतं. चौथं, बंपरमधून डिस्कच्या मध्यावर वारा नेणारा लवचीक पाइप. हे काम अक्षरशः हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानात झालं. फक्त चाक पूर्ण वळवून पाइप टायरला घासत नाही ना, ते बघावं लागलं. दोनदा घासला.

मोठं किट का नाही घेतलं? एकदाच कचकचून ब्रेक मारायचा असेल तर गाडी किती अंतरात थांबणार हे टायरची पकड ठरवते, डिस्कचा आकार नाही. साधा ब्रेकही चाक जॅम करू शकतो. मोठी डिस्क उष्णता साठवायला उपयोगी पडते, पण फक्त पुढचे कॅलिपर मोठे केले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो, आणि त्या पैशात दोन वर्षांचे पॅड आणि टायर येतात. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही. लाल कॅलिपर लावून आरटीओसमोरून जायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा.

हे काम चालू असताना मामांना व्हिडिओ कॉल केला होता. मित्र कॅमेरा चाकाजवळ नेऊन लाल होजचं कौतुक दाखवत होता. मामांनी ते काही बघितलं नाही. डिस्कच्या कडेला बोट फिरवून बघ, धार लागते का, एवढंच म्हणाले. लागत होती. डिस्क झिजून कडेला ओठ तयार झाला होता आणि जाडी मोजली तर किमान मर्यादेच्या खाली गेलेली. ही जाडी डिस्कवरच कोरलेली असते, आम्ही दोघे इंजिनीअर असून बघितली नव्हती. म्हणजे डिस्कही बदलल्या, पण कंपनीच्या मूळ मापाच्याच.

डिसेंबरमध्ये पुन्हा करी स्पीडवेला गेलो. आठ लॅप. पेडल शेवटपर्यंत कडक. पिटमध्ये आल्यावर डिस्कमधून तोच वास येत होता, पूर्णेच्या प्लॅटफॉर्मवरचा. आता टायर घसरतात अशी त्याची तक्रार आहे, आणि परवा त्यानं मला टायरच्या किमतींची एक लिंक पाठवली आहे. मी अजून उघडलेली नाही.